पहिली ओळ वाच

तुमचा बिघडलेला प्रोग्राम घेऊन तुम्ही निर्मळला इनास सरांच्या ओटीवर गेलात, तर सर आधी काय करतील, सांगू? पाठ फिरवतील. तुम्ही जीव मुठीत धरून लॅपटॉप उघडून बसलेले, आणि हा माणूस आपली खुर्ची उचलून केळीकडे तोंड करून बसणार. मांडीवर सूप घेणार, सुपात वालाच्या शेंगा. आणि शेंगा सोलता सोलता म्हणणार, "हां. वाच."

"सर, तुम्हीच एकदा बघा ना."

"मी कशाला बघू? निरोप तुला आलाय. तू वाच. मोठ्याने."

मला सांगा, तुम्ही ताप घेऊन दवाखान्यात गेलात आणि डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसला, तर दुसऱ्यांदा त्याच्याकडे जाल का? मी गेले. पुन्हा पुन्हा गेले. दर वेळी परत येताना रिक्षात दातओठ खात होते आणि पुढच्या शनिवारी त्याच ओटीवर हजर होते, कारण मला दुसरा इलाज नव्हता.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. जन्मभर त्यांनी वसईतल्या कारखान्यांसाठी विंडोजवर चालणारे प्रोग्राम लिहिले. खिडकी उघडते, खिडकीत बटणं असतात, बटण दाबलं की काहीतरी होतं, त्या जातीचे. निवृत्त झाले आणि घरी वाडी बघत बसले, तर कॉलेजात जाणारी आणि नव्याने नोकरीला लागलेली मंडळी यायला लागली. सगळ्यांचं दुखणं एकच. खिडकी उघडत नाही, किंवा उघडते आणि बटण चालत नाही. सर कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त पाठ फिरवतात.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला बायबलातलं पहिलं वाचन सरांचं असतं, आणि त्यांना माइकची गरज नाही हे फादरसुद्धा कबूल करतात. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावर आलेली एररही तशीच वाचली पाहिजे. खडा सूर, एकेक शब्द, काही गाळायचं नाही. आधी इंग्रजीत पूर्ण वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि एवढं झाल्यावर रडायचं असेल तर रडायचं. मी पहिल्यांदा वाचत होते तेव्हा रस्त्याने फुलांची टोपली घेऊन चाललेली एक बाई फाटकाशी थांबली, तिला प्रार्थना चालू आहे असं वाटलं आणि तिने कपाळाला हात लावून क्रूस केला. मला इतकी लाज वाटली की मी आवाज खाली आणला. तर सर म्हणतात, "ऐकू येत नाही."

दुसरा त्यांचा छळ म्हणजे एक प्रश्न. "बंद पडायच्या आधी काय केलंस?" आपण सगळे ह्यावर एकच उत्तर देतो. काहीच नाही केलं, आपोआप बंद पडलं.

"आपोआप वाडीत गवत उगवतं, बाय. बाकी सगळं कुणीतरी केलेलं असतं."

हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून ते खरं निघायचं, म्हणून जास्तच.

आता मी ह्या भानगडीत का पडले ते सांगते. मी प्रोग्रामर नाही, माझ्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं. मी पाचूबंदरला राहते, वसईत एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. माझी आई हिराबाई. बंदरावर कुणालाही विचारा. लिलावात बोली लावायला आई उभी राहिली की बोटीवरची माणसंसुद्धा मान वळवायची, असा आवाज. बाजारात बसली की दोन गल्ल्यांपलीकडून कळायचं की हिराबाई आलीय आणि आज पापलेट महाग आहे. त्या आईला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. चेहरे, नावं, कुणाची बोट कुठली, सगळं डोक्यात शाबूत. तोंडातून मात्र एक शब्द येत नाही.

आणि लोक कसे असतात बघा. आईला भेटायला येतात आणि माझ्याशी बोलतात. "हिला काय देता जेवायला? हिला कळतं का गो?" ती तिथेच खाटेवर बसलेली, डोळे उघडे, आणि हे तिच्या डोक्यावरून बोलणार, जसं काही ते कपाट आहे. पहिले दोन महिने आई रागाने खाटेवर हात आपटायची. मग आपटायची बंद झाली. कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी मला स्पष्ट सांगितलं, "हिला काही ना काही सांगता आलं पाहिजे, नाहीतर ही सांगायची इच्छाच सोडून देईल. आणि ती एकदा गेली की आणणं फार कठीण."

फोनवर तशी तयार ॲप मिळतात. चित्र दाबलं की बाई बोलते. पण ती बाई काय बोलते, "कृपया मला पाणी द्या." आमच्या घरात जन्मात कुणी कुणाला कृपया म्हटलेलं नाही. आईने ते एकदा ऐकलं आणि फोन उलटा करून ठेवला. शिवाय डावा हात थरथरतो, त्या इवल्याशा चित्रांवर बोट पडायचं कसं? तेव्हा माझ्या भावाने त्याच्या दुकानातला बिल करायचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. मोठा पडदा, बोटाने दाबायचा, आत विंडोज. मी म्हटलं, ह्याच्यावर हाताएवढी बटणं करू आणि आपल्या बोलीत बोलायला लावू. शाळेचे तक्ते मी कॉम्प्युटरवरच करते, त्यामुळे मला वाटलं हेही तसंच असेल. वाटायला काय जातं.

पहिलं बटण झालं. पाणी. आईला वाचता येत नाही, म्हणून वर तांब्याचं चित्र. दाबलं की माझा आवाज, "पानी दे गो." मला आकाश ठेंगणं झालं. मग मी हुशारी केली. त्याच बटणाच्या पाच नकला काढल्या, वरची चित्रं आणि नावं बदलली, भूक, गोळी, पंखा, दुखतंय, मोरीत न्या. दाबून बघते तर पाणी सोडून सगळी मुकी. एररसुद्धा नाही. म्हणून मी निर्मळ गाठलं.

"वाच," सर म्हणाले.

"वाचायला काही नाहीच आहे, सर. दाबते आणि काही होत नाही."

शेंगा सोलायचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "भूक नावाच्या बटणाला दाबल्यावर काय करायचं, हे कुणी सांगितलंय?"

"वरच्यासारखंच आहे ते. नक्कल काढली."

"नक्कल चेहऱ्याची निघाली. काम सांगितलंस का?"

मी तोंड वाकडं करून बटणाची माहिती उघडली. खरंच, दाबल्यावर कुठला कोड चालवायचा ती जागा रिकामी होती. एका वाक्यात सांगता आलं असतं की नाही? पण नाही. मी स्वतः शोधून काढेपर्यंत सरांनी पाव किलो शेंगा सोलल्या.

दुसऱ्या खेपेला तर माझी खिडकीच नाहीशी झाली. झालं असं की डिझाइन करताना माझं बोट चुकून खिडकीवर दोनदा पडलं आणि कोडमध्ये एक रिकामा तुकडा आपोआप तयार झाला. म्हणजे आपोआप नाही, मी केला. तो नको म्हणून पुसला, तर डिझाइनच्या जागी पांढरा पडदा आणि खाली एररची ही लांबलचक रांग. मी बटणं आखण्यात दोन रविवार घातले होते. मी ओटीवर बसून रडले. सरांनी मला रडू दिलं आणि म्हणाले, "पहिली ओळ वाच."

"केवढ्यातरी आहेत, सर."

"पहिली खरी. बाकीचे तिचे पाहुणे. तिला वाटेला लाव, ते आपले जातील."

पहिली ओळ सांगत होती की खिडकी अजून त्या पुसलेल्या तुकड्याला हाक मारतेय आणि तो सापडत नाही. दुसऱ्या फाइलीत त्याच्या नावाची एक ओळ राहिली होती. ती काढली आणि माझी सगळी बटणं परत आली. पाहुणेही गेले. मी सरांना थँक्यू म्हटलं, तर ते म्हणाले, "माझं काय? वाचलंस तू." ह्या माणसाचे धड आभारसुद्धा मानता येत नाहीत.

मग पडदा गोठायला लागला. आवाज वाजत असेपर्यंत खिडकी ढिम्म. दुसरं बटण दाबा, लक्षच नाही, आणि मग एकदम सगळी बटणं एकामागून एक बोंबलायची.

"तुझी आई मासे कापत असताना दुसरं गिऱ्हाईक आलं तर काय करायची?" सरांनी केळीला विचारलं.

"हाताने कापायची, तोंडाने दर सांगायची."

"तुझ्या प्रोग्रामला तू सांगितलंयस, आवाज संपेपर्यंत हलायचं नाही. तो हलत नाही. आज्ञाधारक आहे बिचारा. आणि तू त्याच्यावर चिडतेस."

मी त्या प्रोग्रामवर चिडलेच नव्हते, मी कुणावर चिडले होते ते सुपाला माहीत होतं. आवाज वाजवायची आज्ञा मी बदलली, वाजू दे आणि तू आपलं काम कर अशी. खिडकी हलायला लागली.

पण ह्या सगळ्याला मी कंटाळले होते, हे लपवत नाही. दर वेळी रिक्षा बदलत निर्मळला जा, मोठ्याने वाच, पाणउतारा करून घे. ऑफिसात आमच्याकडे कॉम्प्युटर बघायला एकजण येतात. ते म्हणाले, "मॅडम, एवढी काय डोकेफोड? हे चार शब्द आणि हे दोन कंस टाका. एरर म्हणून येणारच नाही." प्रोग्रामात तशी एक सोय असते. चूक झाली की ती पकडायची, आणि कंसात लिहायचं की काय झालं ते सांग. त्यांनी मला कंस रिकामे ठेवायला सांगितले. मी ठेवले. खरोखर एकही एरर आली नाही. मला वाटलं, बघा, हा माणूस पाठ न फिरवता दोन मिनिटांत सांगतो.

प्रोग्राम भावाच्या त्या कॉम्प्युटरवर नेला. खिडकी उघडली, बटणं दिसली, झकास. भाऊ आला, वहिनी आली, शेजारची पार्वती आली. आईला उशी लावून बसवलं. मी म्हटलं, "आई, पाणी दाब." आईने डावा हात उचलला, तो सावरला, आणि बटण दाबलं.

काही नाही. आवाज नाही, एरर नाही, काही म्हणजे काही नाही.

आईने पुन्हा दाबलं. मग जोराने दाबलं. मग आपलं बोट डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे बघितलं, जशी काही चूक त्या बोटाची होती. पार्वती म्हणाली, "राहू दे गो, म्हातारीला नाय जमायचा ता." आणि आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा तिच्या बाजूला वळवला, तर तिने डोळे मिटून घेतले.

मी त्याच दिवशी रजा टाकली आणि निर्मळला गेले. शनिवार नव्हता काही. सर फणसाखाली पाव खात उभे होते, हातात बशी. सोबत कांदा. मी तिथेच सुरू केलं. म्हटलं, तुमच्या वाच-वाच करण्याचा काय उपयोग झाला? आता तर वाचायलाही काही नाही. माझ्या आईने पुन्हा तोंड फिरवलंय.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एरर नाही म्हणतेस? आवाजाचा कोड वाच."

मी वाचला. रिकाम्या कंसांपाशी आले तसे सर वळले. पहिल्यांदाच वळले. बशी फणसाच्या बुंध्याशी ठेवली आणि चालत येऊन पडद्यासमोर वाकले.

"हे कुणी सांगितलं?"

"ऑफिसातल्या एकांनी."

"तोंड दाबलंस त्याचं," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "तो बोलत होता. काय दुखतंय, कुठे दुखतंय, ओरडून सांगत होता, आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास. घरात आईची वाचा गेली म्हणून माझ्या ओटीवर येऊन रडतेस, आणि जो बोलतोय त्याला गप्प करतेस? लाज नाही वाटत?"

लाज वाटली नाही, राग आला. ओरडायला मलाही येतं, मी हिराबाईची मुलगी आहे. म्हटलं, "तुम्ही एकदा वळून बघितलं असतं तर मी दुसऱ्याकडे गेले असते का?" सरांनी फणसाखालची बशी उचलली. म्हणाले, "चल आत."

त्यांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा गेले. समोरच त्यांच्या पत्नीचा फोटो, सिसिलबाईंचा, खाली येशूची लहान मूर्ती, टेबलावर जुना कॉम्प्युटर. चौघांना बसता येईल असं जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर वालाच्या शेंगा पसरल्या होत्या. मुलगे दोघे परदेशात, ते मला माहीत होतं. मी रिकाम्या कंसात ओळ घातली, जे झालं ते सांग, आणि प्रोग्राम त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवला. लगेच निरोप आला. मी वाचला, मोठ्याने, न सांगता. फाइल सापडत नाही. सी ड्राइव्ह, युजर्स, माझं नाव, डेस्कटॉप, आईचे आवाज, पाणी.

"कुणाच्या घरचा पत्ता आहे हा?"

"माझ्या लॅपटॉपचा."

"मग दुसऱ्याच्या घरात तो कसा सापडणार?"

बस. एवढंच होतं. आवाजाच्या फाइली प्रोग्रामच्या शेजारी ठेवायच्या आणि त्याला म्हणायचं, आपल्या बाजूला बघ. नवशिक्या सगळ्यांची ही चूक होते म्हणे. एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या आईने आपल्या बोटाला दोष दिला. मला अजूनही आठवलं की संताप येतो.

ते दुरुस्त झालं, तसे सर म्हणाले, "आता बटणं वाच बघू."

"पाणी, भूक, गोळी, पंखा, दुखतंय, मोरीत न्या."

"पुढे?"

"एवढीच."

सर खुर्चीतून उठले. मला वाटलं, आणखी काय चुकलं.

"ही बटणं आहेत? ही हॉस्पिटलातली घंटी आहे. मागायचं, मागायचं, मागायचं. जन्मभर बंदरावर बोली लावलेली बाई ती. आता तिने तोंड उघडायचं ते फक्त काहीतरी मागायला? झटका आला म्हणून तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही? दिवसभर काय बोलायची तुझी आई?"

"काय बोलायची? शिव्या घालायची," मी म्हटलं.

"मग शिव्यांचं बटण कुठाय?"

मला हसू आलं, आणि हसता हसता आठवलं. आईला लिहिता यायचं नाही. बाजारात बसल्या बसल्या ती मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवायची, दिवसातून कितीतरी. झटका आल्यापासून मी ते उघडले नव्हते. माझी छाती व्हायची नाही. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लाव."

आम्ही त्या टेबलाशी बसून ऐकलं. मागे बाजाराचा कालवा आणि त्यात आई. "कुठं उलथलीस गो, फोन का नाय उचलत?" "मांजरीला हाकल, बोंबील सुकत घातलेत." "दर नाय पटत तं पुढं चाल, ये नाय गो, तुला नाय, गिऱ्हाइकाला सांगतेय." सर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. आणि रोज दुपारी, न चुकता, एकच निरोप. "जेवलीस का गो?"

"हा घाल," सर म्हणाले.

"हा कशाला? मी आता तिच्यासमोरच जेवते. विचारायची गरजच नाही."

"घाल म्हणतो ना." आणि ते उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते केळ्यांची फणी घेऊन, आईसाठी.

फोनमधले ते आवाज प्रोग्रामला वाजवता येतील असे करून घेतले, माझा आवाज सगळीकडून काढला, नव्या बटणांवर फोन, मांजर, तराजू, ताट अशी चित्रं घातली. पाणी मागायचं बटणसुद्धा आईच्याच आवाजात झालं. जुन्या एका निरोपात ती पाणीवाल्यावर खेकसली होती, तेवढं "पानी आन" कापून घेतलं. मी पाचूबंदरला न्यायला निघाले, तर सर म्हणाले, "थांब. दुसऱ्या मशीनवर चालतं का ते मी बघणार." आणि स्कूटर काढून माझ्या रिक्षामागे आले.

दुपार झाली होती. भाऊ दुकान बंद करून आला होता, पार्वती आलीच, तिला कोण अडवणार. सर कॉम्प्युटरसमोर बसले, कुणाकडे पाठ न करता, आणि सगळं तपासलं. खालच्या ओळीतली बटणं त्या पडद्यावर अर्धी कापली जात होती, ती नीट बसवली. मग उठून आईला म्हणाले, "बाई, चूक तुमच्या बोटाची नव्हती. ह्या दोघांची होती," आणि मशीनकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांसमोर. पण आईने भिंतीकडून तोंड वळवलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

तिने हात उचलला. बोट थरथरत पडद्यावर फिरलं आणि एका बटणावर पडलं.

"कुठं उलथलीस गो, फोन का नाय उचलत?"

आईचा हात तिच्या गळ्याकडे गेला. तो तिचाच आवाज होता, वर्षभर घरात नसलेला. माझ्या डोळ्यांना धार लागली, मी ती पुसलीसुद्धा नाही. मग आईने पार्वतीकडे बघितलं, सावकाश, आणि नेमकं बटण शोधून दाबलं. "दर नाय पटत तं पुढं चाल." भाऊ खाटेवर बसला आणि पोट धरून हसला. पार्वतीही हसली, दुसरं काय करणार. आईच्या तोंडाची चालणारी बाजू वर गेली. मी तो चेहरा विसरले होते.

"चालतंय ना?" सर म्हणाले. "मग मी निघतो." हेल्मेट घेतलं आणि दारापर्यंत गेले.

"जेवलीस का गो?"

"हो आई," मी म्हटलं, "सकाळी तुझ्यासमोर तर खाल्लं."

आईने मान हलवली. नाही. मला हाताने बाजूला हो म्हणाली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

सर उंबऱ्यात उभे होते. ज्या माणसाच्या आवाजाने अख्खी वाडी हलते, तो हेल्मेट धरून त्या बटणाकडे बघत राहिला. भावाला हसू आलं होतं, सरांचा चेहरा बघून त्याने ते आवरलं. सिसिलबाई गेल्यापासून सरांना हे कुणी विचारत नव्हतं. विचारणार कोण? आम्ही सगळे आपापल्या चुका घेऊन जाणारे.

"नाही हो, बाई," सर म्हणाले. "अजून नाही."

आईने माझ्याकडे डोळे वटारले. त्याला बटण लागलं नाही. मी ताट घेतलं. भात होता, बोंबलाचं कालवण होतं. सरांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि आईच्या खाटेजवळ मांडी घालून बसले. दोन घास खाल्ले, मग म्हणाले, "आमची सिसिल ह्यात कैरी घालायची." आणि मग सिसिलबाईंबद्दल बोलत राहिले, ती कालवण कशी करायची, वाडीत तिने काय काय लावलं, शेवटी शेवटी तिला भात कसा भरवावा लागायचा. ताटात हात तसाच राहिला. आई त्यांच्याकडे तोंड करून ऐकत होती.